भीती नाही, असं लिहून घेतलं

आधी एक सांगून ठेवतो, मी भित्रा माणूस नाही. कुणालाही विचारा. तिकडच्या जुन्या गल्लीत विचारा, इकडच्या नव्या गल्लीत विचारा. सांगतील, मास्तर तोंडाळ आहे, तापट आहे, गिऱ्हाइकाला तोंडावर "पॅन्ट नाही, पोट कमी करा" म्हणतो, पण शिवण बघाल तर हाताला तोड नाही. भित्रा मात्र कुणी म्हणणार नाही. आणि नेमका ह्याच गोष्टीने माझा घात केला.

मला ठेवलं होतं त्या इमारतीच्या पाटीवर 'प्रतीक्षा केंद्र' असं लिहिलं होतं. कोठडीला कोठडी म्हणायची लाज, दुसरं काय! खोली पांढरी, चादर पांढरी, छताला जाळीत अडकवलेला लांबट दिवा पांढरा, आणि तो कधी विझायचा नाही. खिडकी होती, पण काच दुधी. बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त कधीतरी एखादी सावली सावकाश सरकत जायची, माणसाची की ढगाची कोण जाणे. पहिल्या दिवशी मी त्या दिव्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी शिव्या संपल्या. तिसऱ्या दिवसापासून मला कळेना, मी जागा आहे की झोपलोय. डोळे मिटले तरी तोच उजेड, उघडले तरी तोच. जेवणाचं ताट आलं की मी समजायचो, दिवसाचा आणखी एक तुकडा कापून झाला.

पकडलं तेही अगदी फालतू कारणाने. सकाळी दुकानात निघालो होतो, हातावर गिऱ्हाइकाच्या दोन पॅन्टी. बसथांब्यावर गणवेशातले दोघे कार्डं तपासत होते. माझं कार्ड माझ्या खिशात होतं, तसा मी काही वेंधळा नाही. पण त्या कार्डावरची तारीख उलटून दोन महिने झाले होते. का उलटली? कारण कार्ड वाढवून घ्यायला गेलो तेव्हा खिडकीमागच्या कालच्या पोराने मला सांगितलं, चौकोनात खूण चुकली, परत रांगेत उभे राहा. दोन तास उभा होतो मी! त्याला चार शब्द सुनावले, अर्ज तिथेच फेकला आणि घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, उद्या जा, गोड बोला, काम करून घ्या." मी म्हणालो, "माझं अडलंय खेटर." अडलं होतं माझंच, पण ते मला बसथांब्यावर कळलं.

बायकोचा ह्यात काही दोष नाही, हेही कबूल करतो. तिने मला सगळं शिकवलं होतं. एका रविवारी शाळेच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या पळून आलेल्या लोकांसाठी एक वकीलबाई बोलायला आल्या होत्या, निर्वासितांना पकडलं तर काय करायचं म्हणून. मी चहासाठी गेलो आणि मागच्या रांगेत पेंगलो. बायको मात्र पहिल्या रांगेत. माझ्याच कापड बेतायच्या खाकी कागदावर तिने सगळं उतरवून घेतलं, तो कागद चुलीशेजारच्या भिंतीला डकवला आणि रोज जेवताना माझी उजळणी घ्यायला लागली.

"पकडलं तर?"

"पळायचं नाही, हुज्जत घालायची नाही. पाव दे."

"आणि?"

"खोटं बोलायचं नाही. समजल्याशिवाय सही करायची नाही. वकील आल्याशिवाय जबाब द्यायचा नाही."

"दुभाषी?"

"आपल्या भाषेतला मागायचा. नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं, उगाच मान डोलवायची नाही. अगं, चार वर्षं झाली इथे, मला कोण पकडतंय?"

"आणि सगळ्यात आधी काय सांगायचं?"

इथे मला नेमकी तहान लागायची. सगळ्यात आधी सांगायचं ते असं होतं: मी निर्वासित आहे, परत पाठवलं तर माझ्या जिवाला धोका आहे, मला परत जायची भीती वाटते. एवढंच. शाळेतलं पोर म्हणेल एवढं सोपं वाक्य. मी म्हणायचो, "माहीत आहे गं मला ते." ती म्हणायची, "मग म्हणा." मी म्हणायचो, "पाणी वाढ आधी." शेवटपर्यंत तिने ते माझ्या तोंडून काही वदवून घेतलं नाही. शेवटी तिने हात टेकले आणि वकीलबाईंचा फोन नंबर तरी पाठ करून घेतला. आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत, मापं राहतात. म्हणून तिने नंबराची पॅन्ट केली: कमर चौतीस, सीट बेचाळीस, लांबी एकोणचाळीस, मांडी सव्वीस, मोहरी सतरा. तो माणूस मला झोपेतसुद्धा दिसायला लागला होता. जरा जाडा होता, पण बरा होता.

तर मला आत घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बसवलं. साहेब तरुण, बोलायला मऊ, बाहीचं बटण एका दोऱ्यावर लटकलेलं. माझे हात शिवशिवत होते ते बटण लावून द्यायला. टेबलावर एक काळा डबा होता, टेलिफोनचा, आणि त्यातून दुभाषी बोलणार होती. डबा खरखरला आणि आतून एका मुलीचा आवाज आला, "नमस्कार काका, माझं बोलणं नीट ऐकू येतंय का?"

काय सांगू तुम्हाला! आमच्या गावच्या नदीपलीकडे जसं शब्दाचं शेपूट लांबवत बोलतात, तशीच ती बोलत होती. चार वर्षांत तो हेल मी ऐकला नव्हता. ती खोली मला हलल्यासारखी वाटली. वाटलं, आत्ता दार उघडलं तर पलीकडे आमची गल्ली असणार, ओल्या कपड्यांच्या दोऱ्या, सायकली, दुपारची शांतता. मी नुसता ऐकत बसलो. ती काय विचारतेय त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. नाव विचारलं, सांगितलं. धंदा विचारला, सांगितला. वकील वगैरे मागायचा असतो हे कुठल्या कुठे विरून गेलं.

मग तिने विचारलं, "काका, साहेब विचारतायत, तुम्हाला तुमच्या देशात परत जायची भीती वाटते का?"

आता बघा. समोर परका माणूस. डब्यात गावची पोर, मला मुलगी असती तर तिच्या वयाची, उद्या कुणाला तरी सांगणार, तो शिंपी मास्तर भेटला होता आणि असा असा म्हणाला. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"भीती? मला? पोरी, साहेबांना सांग, मी कुणाच्या बापाला भीत नाही!"

डब्यातून हळूच, "काका..."

"सांग म्हटलं ना."

साहेबांनी तिला काहीतरी विचारलं. तिने सांगितलं. तिचं काम ते, बिचारी काय करणार. माझं एवढं मोठं छातीठोक वाक्य, आणि साहेबांनी लिहिले जेमतेम दोन शब्द. मग एक छापील कागद पुढे सरकवला आणि हसून काहीतरी म्हणाले. डबा म्हणाला, "काका, ते म्हणतायत, इथे सही केलीत की लवकर मोकळे व्हाल."

"काय लिहिलंय ते वाच."

"लिहिलंय, मी माझ्या खुशीने परत जात आहे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी खुर्ची मागे सरकवली. "माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. वकील आल्याशिवाय सही होणार नाही." साहेब रागावले नाहीत. म्हणाले, नका करू. कार्ड संपलंय, भीती नाही असं तुम्हीच सांगितलंय, सही असो नसो, पुढच्या शुक्रवारची बस आहे. विमानापर्यंत ती बस नेते. एवढं सांगून त्यांनी पेनाला टोपण लावलं.

फोन करायला मिळाला. मी बटणं दाबताना मोठ्याने म्हणत होतो, कमर चौतीस, सीट बेचाळीस, आणि दारातला शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, गेला हा कामातून.

खोलीत माझ्याबरोबर एक बेकरीवाला होता. दिवसाचे वीस तास झोपायचा आणि झोपेत दोन्ही हातांनी कांबळं मळायचा, कणीक मळावी तसं. त्याने पहिल्याच दिवशी सही केली होती.

"का केलीत हो?" मी विचारलं.

"साहेब फार चांगलं बोलला," तो म्हणाला. "वर्षभरात माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मोकळे व्हाल म्हणाला. आज नववा दिवस." आणि कूस बदलून परत मळायला लागला. मला त्याचा राग आला, मग रडू आलं, मग रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला.

त्या उजेडात माझा दादा यायला लागला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघे मिळून दुकान चालवायचो, पुढे दुकान, मागे घर. तिकडे लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांचे फलक, झेंडे, सगळं आम्ही शिवलं. रंग दादा निवडायचा, बेतायचो मी. मग एका दुपारी गाडी आली आणि दादाला घेऊन गेली. तो परत आला नाही, त्याचं काही कळलंही नाही. ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगितलेली आहे. शेवट ठरलेला असायचा: "मी त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो होतो. मी असतो ना, एकेकाचे दात घशात घातले असते!" पाहुणे माना डोलवायचे. बायको चहाचे कप गोळा करता करता म्हणायची, "हो ना."

खोलीत मात्र दादा काही बोलायचा नाही. दुधी काचेजवळ मशीन मांडून बसलेला असायचा, पाठ माझ्याकडे, पाय पायट्यावर. मशीन चालायचं, पण सुईत दोरा नसायचा. कापड पुढे पुढे सरकायचं आणि त्यावर नुसती भोकं पडत जायची. मी म्हणायचो, "दादा, दोरा संपलाय." तो मान न वळवता खडू मागायला हात मागे करायचा. मी खिसे चाचपायचो. आत घेताना त्यांनी माझे खिसे रिकामे केले होते. तेवढ्यात ताट आत सरकायचं आणि मशीनचा आवाज म्हणजे भिंतीतल्या नळाचं पाणी आहे हे लक्षात यायचं.

बायको भेटायला आली ती काचेपलीकडे बसली. दोन्हीकडे एकेक टेलिफोन. केस नीट विंचरलेले, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "अगं, माझ्या हातातल्या दोन पॅन्टी फाटकावर ठेवून घेतल्यात, त्या गिऱ्हाइकाला पोचव."

"पॅन्टी गेल्या खड्ड्यात. काय विचारलं त्यांनी तुम्हाला?"

"भीती वाटते का म्हणून."

"आणि तुम्ही?"

मी काचेवरचा एक डाग बोटाने पुसायला लागलो. तिने टेलिफोन खाली ठेवला, मग परत उचलला.

"कुणाच्या बापाला भीत नाही म्हणालात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वीस वर्षं ऐकतेय. तुमच्या त्या बापाला न भिण्यापायी मी विधवा होणार आहे, कळतंय का तुम्हाला?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! तिकडे उतरलात की विमानतळावरूनच उचलतील. दोन शिंपी हवे होते त्यांना, एकच मिळालाय. अहो, मी इथे एकटी काय करू?"

तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी टेलिफोन तोंडाजवळ धरला. "लाज वाटते गं," मी म्हणालो, "त्या पोरीसमोर तसं म्हणायची."

"वाटू दे. उद्या वकीलबाई येतील, त्यांना खरं सांगा. वाढवून नको आणि कमी करून नको. त्या दुपारचं सगळं सांगा."

"त्या दुपारी मी गिऱ्हाइकाकडे होतो."

तिने डोळे पुसले. "हो ना," ती म्हणाली. तेवढ्यात वेळ संपली.

वकीलबाई आल्या. लहानखुऱ्या, पर्सचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला. आमच्या भाषेतला एक दुभाषी त्या बरोबर घेऊन आल्या होत्या, वयस्कर, शांत माणूस. बसल्या बसल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, इथे शौर्यपदक देत नाहीत."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"दिलेला जबाब दुरुस्त करता येतो," त्या म्हणाल्या. "दुसरी मुलाखत मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि ती मी मागितली आहे. उद्या सकाळी दहा वाजता, मी शेजारी बसेन. तुम्ही शूर आहात की नाही ह्याच्याशी त्या साहेबांना काही घेणंदेणं नाही. परत गेलात तर तुमचं काय होईल, कोण करेल, का करेल, एवढंच त्यांना हवंय. पण जे सांगाल ते खरं हवं. एक टाका खोटा सापडला तर ते सगळी शिवण उसवून बघतात. सांगा आता."

मी सांगितलं. झेंडे, गाडी, दादा. शेवटी नेहमीचं, मी गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलो होतो. त्या लिहीत होत्या त्या थांबल्या.

"कुठल्या गिऱ्हाइकाकडे?"

"होता एक."

"काय माप होतं त्याचं?"

तीस वर्षांपूर्वी शिवलेल्या पहिल्या सदऱ्याची छाती मला पाठ आहे. शेजाऱ्याच्या आजोबांची कमर पाठ आहे. त्या दुपारच्या गिऱ्हाइकाचं एकही माप मला सांगता येईना. बाईंनी वही मिटली. "उद्या दहा वाजता," त्या म्हणाल्या. "उद्या गुरुवार आहे मास्तर. परवा बस."

त्या दिवशी मी खोलीत वितीने भिंत मोजत बसलो. सतरा विती आणि चार बोटं. परत मोजली तर अठरा. बेकरीवाला झोपेत मळत होता. काचेजवळ दादाचं मशीन सुरू झालं. ह्या वेळी मी उठून त्याच्यासमोर गेलो. जाताना जमीन पायाला कापसासारखी लागत होती. दादाचा चेहरा अगदी साधा होता, कामात गढलेला, ओठांत टाचणी. त्याने टाचणी काढली आणि मला म्हणाला, "अरे, बाहेर ये की आता." मी जागा झालो तेव्हा, म्हणजे जागा झालो असेन तर, माझा सदरा घामाने भिजला होता.

दहा वाजता तेच टेबल, तेच साहेब. बटण तुटून गेलं होतं. डबा खरखरला. "नमस्कार काका." तीच पोर. वाटलं होतं, निदान दुसरं कुणी तरी असेल. पण तीच होती.

साहेबांनी विचारलं, जबाब का बदलायचाय?

"कारण मी खोटी फुशारकी मारली," मी म्हणालो. तिने ते शब्दन् शब्द सांगितलं असावं, कारण साहेबांनी वर पाहिलं. "मला भीती वाटते साहेब. फार वाटते. इतकी वाटते की ती वाटत नाही असं सांगण्यात माझी पाच वर्षं गेली."

मग मी सांगितलं. गाडीचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघेही दुकानात होतो. दादा मशीनवर, मी बेतायच्या टेबलाशी. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी टेबलाखाली शिरलो. विचार केला नाही, ठरवलं नाही, पाय आपले आपण गेले. खाली चिंध्यांचा ढीग होता. मी डोळे गच्च मिटले आणि तोंडात चिंधी कोंबली, दात वाजत होते म्हणून. त्यांनी विचारलं, दुसरा कुठाय? आणि दादा म्हणाला, "धाकटा ना? तो गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलाय."

"ते माझं वाक्य नाही साहेब," मी म्हणालो. "दादाचं आहे. त्याचं शेवटचं वाक्य मी चोरलं आणि पाहुण्यांना सांगत सुटलो. त्यांनी त्याला मारलं, मला ऐकू येत होतं, हातभर अंतर होतं, आणि मी बाहेर आलो नाही. माझा एक पाय बाहेर राहिला होता, हे मला नंतर कळलं, कारण फळीवरून एक तागा घसरला आणि धप्पकन त्याच पायावर पडला. पाय झाकला गेला. नशीब म्हणून वाचलो, नाहीतर तेव्हाच दोघे गेलो असतो. आता मला पाठवलंत तर ते विमानाच्या शिडीशी उभे असतील. दादाचं जे केलं ते माझं करतील. मला मारायचं नाही साहेब, म्हणजे मरायचं नाही. मला जगायचंय. लिहा हे."

माझी जीभ अडखळत होती, आणि डब्यातली पोर एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत होती, सावकाश, काही न सांडता. साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग जुनी फाइल उघडली. चार वर्षांपूर्वीच्या अर्जात मी गिऱ्हाइकाकडे होतो असं लिहिलं होतं.

"तेव्हा खोटं बोललो. लाज वाटली."

"टेबलाखाली तुम्हाला कुणी पाहिलं होतं?"

"दादाने. आणखी कुणी नाही. बायको शेजारी गेली होती. तिलासुद्धा मी गिऱ्हाइकाचंच सांगितलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. साक्षीदार नाही, जबाब दोनदा बदललेला, ते मलाही दिसत होतं. तेव्हा वकीलबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. म्हणाल्या, हा ह्यांच्या पत्नीचा जबाब, चार वर्षांपूर्वीचा, त्यांच्या स्वतःच्या अर्जाबरोबर दिलेला. काल त्यांनी तो इथे दाखवायला लेखी परवानगी दिली. साहेबांनी वाचला. परत वाचला. मग काळ्या डब्याला हळूच काहीतरी सांगितलं आणि एकेक ओळ वाचायला लागले. पोर माझ्यासाठी ती ओळ आमच्या भाषेत आणत होती.

"ते दिरांना मारत होते तेव्हा मी मागच्या दारात होते. माझे पती बेतायच्या टेबलाखाली होते. त्यांचा डावा पाय बाहेर दिसत होता. मी फळीवरचा तागा ओढून त्यांच्या पायावर पाडला आणि आत गेले. तागा आपोआप पडला असं त्यांना वाटतं." पोरीचा आवाज इथे थांबला. साहेबांनी पुढची ओळ वाचली. ती हळूच म्हणाली, "त्यांना ह्यातलं काही सांगू नका. लोकांना ते वेगळं सांगतात. सांगू द्या."

मी टेबलावर डोकं ठेवलं आणि रडलो. पाच वर्षांचे पाहुणे आठवत होते, एकेकाला दिलेला चहा आठवत होता. कुणी मला उठवलं नाही. डब्यातून खूप वेळाने आवाज आला, "काका, साहेब विचारतायत, पाणी हवंय का?" मी हो म्हणालो.

शुक्रवारी सकाळी नावं पुकारली. बेकरीवाल्याचं पुकारलं. तो कांबळ्याची घडी घालून, माझ्या हाताला हात लावून गेला. दुधी काचेवरून बसची सावली सरकली. माझं नाव आलं नाही. त्यानंतर सहा दिवसांनी मला सोडलं, खिशात नवं कार्ड, त्यावर पुढच्या वर्षाची तारीख, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत राहायची परवानगी. निकाल अजून यायचाय.

फाटकाबाहेर बायको उभी होती. उन्हात मला डोळे उघडवेनात, सगळं अजून त्या पांढऱ्या उजेडात बुडालेलं होतं. तिने माझा दंड धरला आणि बसमध्ये बसवलं. कितीतरी थांबे ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिच्याकडे.

शेवटी मी म्हणालो, "तू शेजारी गेली होतीस ना?"

"निघाले होते," ती म्हणाली. "गाडीचा आवाज ऐकून परत आले."

"कुठला तागा होता गं?"

"कोटाचा, जाड. हलका बघायला वेळ नव्हता, हाताला आला तो ओढला." ती खिडकीतून वळली आणि खाली, माझ्या डाव्या पायाकडे बघून म्हणाली, "मला तेव्हापासून सारखं वाटायचं, विचारावं. लागलं नव्हतं ना हो पायाला?"

"लागलं होतं," मी म्हणालो. "बरंच लागलं होतं."